समुद्राचा कायदा आणि बिननोंदीची माणसे

मासेमारीविषयीचा कोणताही सरकारी कागद उघडून पाहा. मासळी टनांत मोजलेली असते, इंजिने अश्वशक्तीत, जाळ्यांचे आस मिलिमीटरमध्ये आणि समुद्र सागरी मैलांत. माणसांचाही एक रकाना असतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० सालच्या गणनेत नऊ राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेश यांच्या किनाऱ्यावर ३,२८८ मच्छीमार गावे, मासळी उतरविण्याची १,५११ ठिकाणे आणि ८,६४,५५० मच्छीमार कुटुंबे नोंदविली गेली. आकडा मोठा आहे, आणि तो गोळा करणाऱ्यांचे कष्टही थोडे नाहीत. पण 'मच्छीमार कुटुंब' हे दोन शब्द वाचले की माझ्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की यात कोणाला धरले आणि कोणाला वगळले?

मी जन्माने कोळी नाही. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, बौद्धवाडीत माझे लहानपण गेले. वाडी आणि कोळीवाडा यांच्यामध्ये एक खाजण होते. हंगामात माझी आई वाडीतल्या बायांबरोबर कोळीवाड्यात रोजाने जायची. बोंबील जोडीजोडीने वलांडीवर टाकणे, जवळा खळ्यावर पसरणे, उलटणे, अवकाळी पावसाचे लक्षण दिसले की धावत जाऊन गोळा करणे ही तिची कामे. मजुरी काही रोख आणि काही सुक्या मासळीत मिळे. तिने आयुष्याची चाळीस वर्षे मासळीत घालविली. पण तिला मच्छीमार म्हणावे असे कोणाला कधी सुचले नाही. तिलाही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या विषयाविषयी लिहितो आहे, त्याकडे मी कोणत्या जागेवरून पाहतो आहे ते वाचकांना ठाऊक असावे, एवढाच हेतू.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मासेमारीच्या अभ्यासकांत 'सामाजिक स्वास्थ्य' ही कल्पना रुजली आहे. तिचा आशय अवघड नाही. माणसाचे बरे चालले आहे की नाही, हे केवळ मिळकतीवरून कळत नाही. तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. घरात काय आहे, म्हणजे अन्न, पैसा, होडी, छप्पर. आपल्या भोवतीच्या माणसांशी नाते कसे आहे, म्हणजे अडीअडचणीला कोण धावून येतो, कोणापुढे मान खाली घालावी लागते. आणि स्वतःच्या आयुष्याविषयी माणसाला काय वाटते. या तिन्हींचा विचार केल्याखेरीज मासळी कमी झाली तरी कोळी समुद्र का सोडत नाही, याचा उलगडा होत नाही. अर्थशास्त्रज्ञ त्याला अडाणीपणा म्हणत आले. वस्तुतः समुद्रावर त्याला जो मान आहे, वारा आणि पाणी ओळखण्याची जी विद्या त्याच्याकडे आहे, ती कारखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या नोकरीत त्याला कोण देणार?

ही कल्पना मला पटते. माझी हरकत तिच्यातल्या एका शब्दाला आहे. तो शब्द म्हणजे 'समुदाय'. मच्छीमार समुदायाचे स्वास्थ्य, समुदायाचे हक्क, समुदायाच्या हाती समुद्राचा कारभार असे म्हटले जाते. 'गाव' या गोड शब्दाआड काय असते ते बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी स्पष्ट सांगितले होते. किनाऱ्यावरचे गाव त्याला अपवाद आहे काय?

आधी कायदा समजून घेऊ. राज्यघटनेने मासेमारी हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याने प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांपर्यंत आणि आर्थिक क्षेत्र दोनशे मैलांपर्यंत ठरविले. म्हणजे किनाऱ्यापासून बारा मैल राज्याचे, पुढचे केंद्राचे. मासा ही हद्द जाणत नाही, आणि त्याच्या मागे जाणारी बोटही पुष्कळदा जाणूनबुजून विसरते.

या बारा मैलांत कोणी, कोणत्या जाळ्याने, किती खोलीत मासेमारी करावी याचे कायदे फार उशिरा झाले. ते का झाले याची कथा सांगण्याजोगी आहे. १९५३ साली केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा परिसरात नॉर्वेच्या मदतीने एक प्रकल्प सुरू झाला. त्याचा उद्देशच मुळी मच्छीमारांचे कल्याण हा होता. दवाखाना, पिण्याचे पाणी, सुधारित होड्या अशी त्याची सुरुवात होती. पुढे परदेशात कोळंबीला भाव आला आणि कल्याणाचे रूपांतर कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरमध्ये झाले. ज्याच्याजवळ भांडवल तो ट्रॉलरमध्ये शिरला. त्याच्या बापजाद्यांनी कधी जाळे हातात धरले नसले तरी चालले. किनाऱ्याजवळ छोट्या होडीने पोट भरणाऱ्याची जाळी ट्रॉलरखाली फाटू लागली. सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी याविरुद्ध लढा उभारला, केरळ पेटले, समुद्रात मारामाऱ्या झाल्या, माणसे मेली. तेव्हा केंद्राने १९७९ मध्ये नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले. गोवा आणि केरळ यांनी १९८० साली कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ साली.

महाराष्ट्राच्या कायद्याने ट्रॉलरना काही भागात पाच वाव, काही भागात दहा वाव खोलीच्या आत येण्यास मनाई केली. कागदावर ही मोठीच गोष्ट होती. परंतु गस्तीची बोट नाही, माणूस नाही आणि इच्छाही नाही, अशा स्थितीत वाव मोजणार कोण? त्यानंतर पर्ससीन आले. बांगड्याचा किंवा तारलीचा थवाच्या थवा वेढून उचलणारे हे जाळे. मालवणकडे रापणीचे वाटेकरी किनाऱ्यावर दोर ओढीत उभे राहिले आणि थवा बाहेरच्या बाहेर उचलला जाऊ लागला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने आपल्या क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यास बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दंड वाढले. एलईडीसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत. आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आले. कायद्याला दात आले, हे खरे. ते कोणाला लागतात आणि कोणाला चाटून जातात, ते बंदरावर दोन दिवस बसणाऱ्याला कळते.

या सगळ्या कायद्याचे परिमाण बोट हे आहे. परवाना बोटीला, नोंदणी बोटीची, डिझेलवरच्या कराचा परतावा बोटीच्या मालकाला. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही वादळे लागोपाठ येऊन हंगाम बुडाला. पुढच्या वर्षी राज्याने जी मदत जाहीर केली, तीत यांत्रिक बोटींची रक्कम इंजिनाच्या सिलिंडरांवर ठरली. सिलिंडर अधिक तर मदत अधिक. मासळी विकणाऱ्या बायकांना शीतपेट्या ठरल्या. त्यांची आठवण झाली हेही नवलच. खलाशाला मात्र सिलिंडर नसतो.

खलाशी कोण, हेही पाहण्याजोगे आहे. पूर्वी घरची आणि भावकीची माणसे बोटीवर जात. विक्रीतून डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता बोटीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा पडे. आता रत्नागिरीच्या बंदरांत नेपाळचे खलाशी आहेत, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्रचे आहेत. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण सौराष्ट्राच्या बंदरांत जाऊन बोटींवर चढतात. त्या बोटी मासळीमागे पश्चिमेला जातात. तिथे सर क्रीकपासून पुढची सागरी हद्द भारत आणि पाकिस्तान यांच्यात आजतागायत ठरलेली नाही. बोट पकडली जाते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत 'मच्छीमार' असा वेगळा वर्ग असतो. ज्याच्या नावावर होडी नाही, जाळे नाही, मच्छीमार संस्थेचे सभासदत्व बहुधा नाही, असा डोंगरपायथ्याचा वारली पोरगा परमुलखाच्या तुरुंगात गेल्यावर मच्छीमार ठरतो! घरी त्याची कमाई बंद झालेली असते. उचल घेतली असेल तर ती डोक्यावर राहतेच.

आता कायद्याच्या बाजूला जी रूढी आहे तिच्याकडे वळू. अभ्यासक ज्याला समुदायाचा कारभार म्हणतात तो हाच. आमच्या किनाऱ्यावर डोल जाळी लावण्यासाठी समुद्रात खुंट रोवून ठेवतात. त्या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. ही व्यवस्था दुबळी आहे असे कोणी समजू नये. सरकारने समुद्राकडे पाहिलेही नव्हते तेव्हा तिने भांडणे मिटविली. ती सगळीच मिटली असे मात्र नाही. पालघर-डहाणूकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार कवींवरून दशकानुदशके भांडत आहेत. तरीही अमुक दिवशी समुद्रावर जायचे नाही, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवायच्या, हे जमातीच्या पंचांनी पाळून घेतले. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी आहे. तिच्यामागे हे जुने शहाणपण आहे.

परंतु रूढीने दिलेला हक्क रूढीच्या आतल्यालाच मिळतो. हे आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. १९२३ साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. (बोले हे भंडारी, म्हणजे किनाऱ्यावरच्याच जातीतले, ही नोंद इथे करण्याजोगी आहे.) १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आम्हाला बंदच होते, आणि त्यानंतरही न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. प्रतिपक्षाचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाही, आमचे आहे. वहिवाट आमची आहे. सामायिक पाण्यावर 'वहिवाट' हा शब्द आला की आमचे कान टवकारतात ते उगीच नाही.

कोळी हा आमचा शोषक आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल आणि मूर्खपणाचेही. कोळ्याला सावकाराने लुटले, दलालाने लुटले, बंदरांनी त्याचे पाणी घेतले. न्हावाशेव्याच्या बंदराने उरणच्या खाड्या भरल्या. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २०१५ साली चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. समुद्र भरला म्हणजे कोणाचे तरी शेत बुजले, हे न्यायासनाने मान्य केले, याचे मोल मोठे आहे. पण नुकसान ठरवायला कोळीवाड्यांतली कुटुंबे मोजावी लागली. त्या चिखलात ओहोटीला चिंबोऱ्या आणि निवट्या धरणारे कातकरी कोणत्या वाड्यात मोजायचे? ते तर वाड्याबाहेरच राहतात. हाच प्रश्न वाढवणला उद्या उभा राहील. ७६,२२० कोटी रुपयांच्या त्या बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजनही झाले.

वाड्याबाहेर राहणाऱ्याचे काय होते, याचे सर्वांत उघडे उदाहरण आपल्या राज्यातले नाही. ते तमिळनाडूतले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत सर्वांत मोठी हानी नागपट्टिणम जिल्ह्याची झाली. तिथल्या किनाऱ्यावर पट्टिणवर या मच्छीमार जातीच्या ऊर पंचायती आहेत. त्यांची शिस्त विलक्षण आहे. संकट येताच त्यांनी याद्या केल्या, मदत उतरवून घेतली, वाटली. बाहेरून आलेल्या संस्थांना हे फार भावले, आणि मदत पंचायतीच्या हाती देणे सर्वांनाच सोयीचे होते. पण पंचायत पट्टिणवरांची. त्याच किनाऱ्याला लागून दलितांच्या वस्त्या होत्या. त्यातले कोणी होडीवर मजुरी करीत, कोणी मासळी वाहत, कोणी खाऱ्या पाण्याने नासलेल्या शेतांवर राबत. इरुळर आदिवासी खाडीत हाताने कोळंबी धरीत. यांची होडी वाहून गेली नाही, कारण ती नव्हतीच. घर समुद्राला टेकून नव्हते, म्हणून ते पडल्याची नोंदही अनेकदा झाली नाही. त्यांची बुडाली ती मजुरी, आणि मजुरीला पंचनामा नसतो. छावण्यांत दलितांना वेगळे बसविले गेले, मदतीतून डावलले गेले, याच्या नोंदी दलित संघटनांनी आणि मानवी हक्कांचे काम करणाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केल्या. आणि कुजलेली प्रेते उचलायला कोण होते? इतर शहरांतून आणलेले सफाई कामगार. त्यांची जात वाचकांना सांगायला नको.

ऊर पंचायतीत दुष्ट माणसे होती म्हणून हे घडले, असे समजणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. पंचायतीने आपल्या माणसांचे स्वास्थ्य उत्तम राखले. 'आपली माणसे' कोण, याचे उत्तर मात्र जातीने आधीच देऊन ठेवले होते. सरकारने ते उत्तर जसेच्या तसे उचलले आणि त्याला लोकसहभाग असे नाव दिले.

कोळीवाड्याच्या आतही एक उंबरठा आहे. कोळीण बाजारात कोणाला हार जात नाही, पैसा तिच्या कनवटीला असतो, हे सगळे खरे. पण जमातीच्या बैठकीत जाळ्याचा आणि बंदीचा निर्णय पुरुष घेतात. बंदीच्या काळासाठी केंद्राच्या योजनेत मच्छीमाराने आपले १,५०० रुपये भरायचे, त्यात सरकारचे ३,००० मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांत परत मिळतात. दोन महिने चूल पेटवायला ही रक्कम किती पुरते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यातही ती मिळायची तर 'क्रियाशील मच्छीमार' असल्याचा पुरावा लागतो. होडी बंद म्हणजे पाटीही बंद, आणि पाटी बंद म्हणजे वलांडीवरचे कामही बंद, ही साखळी योजनेच्या कागदावर पहिल्या कडीपाशीच तुटते.

तेव्हा कारभार सरकारच्या हाती असावा की समुदायाच्या, हा वाद मला अपुरा वाटतो. सरकार बोट पाहते आणि समुदाय जात पाहतो. समुद्रावर जगणाऱ्याचा हक्क त्याच्या श्रमावरून ठरावा, हे म्हणणे दोघांच्याही पचनी पडत नाही. ते पडावे म्हणून फार मोठी क्रांती लागते असेही नाही. खलाशाचा करार लेखी असावा आणि त्यात उचलीची रक्कम, वाटा आणि अपघाताची भरपाई नमूद असावी. मच्छीमार संस्थेची दारे मासळी वाळविणाऱ्या आणि वाहणाऱ्या मजूर बायांना उघडावीत. बंदीची किंवा वादळाची मदत ठरविताना बोटीमागे किती हात आहेत ते मोजावे. ते हात कोणत्या वाडीतून येतात ते पाहू नये. हे सगळे संस्थांच्या पोटनियमांत आणि सरकारी निर्णयांत बसण्याजोगे आहे. खाते करणार नाही, कारण कोणी मागितलेले नाही. आमच्या संघटनांनीही समुद्र हा आपला विषय मानलेला नाही. कोकणातला आमचा कार्यकर्ता जमीन, कुळ, गायरान यावर तासभर बोलतो. खाजण आणि खाडी यावर मात्र त्याला बोलता येत नाही.

एक वाट आजच्या कायद्यातच आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरील तिवरे ही वन म्हणून गणली जाऊ लागली. तिवरे वाचली, हे चांगलेच झाले. पण त्यात चिंबोऱ्या धरणारा कातकरी वनखात्याच्या लेखी घुसखोर ठरण्याची भीती निर्माण झाली. आता वन म्हटले की २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. डोंगरातल्या पाड्यांनी हा कायदा वापरून जंगल मिळविले. खाडीकाठच्या कातकरी वाडीलाही तिवरांतल्या चिखलावर तो सांगता येईल. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा. पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न बिननोंदीच्या माणसापुढे नेहमीच येतो. पण या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून मानले आहेत. कोणत्या तिथीला कोणत्या आडात किती पाणी राहते, निवट्या कुठे आणि शिंपल्या कुठे, पूर्वी वाट कुठून होती आणि भराव कोणत्या साली पडला, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून वाड्यांवर आहेत. त्यांचे जबाब लिहून घ्यायला लिहिता येणारी पोरे हवीत. पावसाळ्याच्या आधी हे काम होण्याजोगे आहे.